‘निरंक’ माणूस, उघडं लॉगिन

"वकीलसाहेब, ह्या रकान्यात ‘हो’ लिहू का ‘नाही’?"

तालुका कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका पोरानं मला हे विचारलं त्याला आता दीड वर्ष होईल. आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातला. पोरगा बीसीए झालेला, घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. एका सरकारी कार्यालयातले संगणक, प्रिंटर, नेटवर्क सांभाळायचं कंत्राटी काम त्याला लागत होतं. पगार अर्थातच सरकार देणार नव्हतं, मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी देणार होती. एजन्सीनं चारित्र्य पडताळणीचे कागद हातात ठेवले होते आणि त्यात तो रकाना होता: आपल्याविरुद्ध कोणत्याही पोलीस ठाण्यात कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?

झाला होता. कॉलेजात असताना कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला, तेव्हा हा रस्त्यावर बसला होता. बाकीचे ‘व इतर ४० ते ५० इसम’ मध्ये निभावून गेले. याचं नाव मात्र सातव्या क्रमांकावर लागलं, कारण ठाण्यातला जमादार त्याच्या बापाला ओळखत होता. कलमं नेहमीचीच: भादंवि १४३, ३४१, १८८ (बेकायदा जमाव, वाट अडवणं, सरकारी आदेश मोडणं) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५ (जमावबंदीचा भंग). विदर्भात वकिली करणाऱ्या कुणालाही ही चार कलमं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात मोर्चे अडवले जातात आणि इकडं हमरस्त्यावर कापसाच्या गाड्या उलट्या होतात. दोन्हीकडं कागदावर उमटतं ते हेच.

‘हो’ लिहिलं तर एजन्सी दुसरा पोरगा पाहते, तिला घाई असते. ‘नाही’ लिहिलं तर माहिती दडवली म्हणून उद्या हाकलायला कारण तयार. मी त्याला ‘हो’ लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं आणि काम गेलं.

त्या पोराचं दुःख मांडायला हा लेख लिहीत नाही. सरकारी संगणकावर बसणाऱ्या माणसाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासूच नये, असंही मला म्हणायचं नाही. जमिनीचे सातबारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, अनुदानाच्या याद्या, आधारशी जोडलेली बँक खाती आज तालुक्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या संगणकातून हलतात. तिथं कोण बसतो हे पाहायलाच हवं. माझं म्हणणं असं, की ही पडताळणी एकदाच व्हावी, लवकर व्हावी आणि कामाशी संबंध असेल तेवढ्यापुरती व्हावी. त्यातून जो वेळ, पैसा आणि संशय वाचेल तो लॉगिनवर खर्च करावा.

आधी ही पडताळणी होते कशी ते पाहू. अर्ज ऑनलाइन होतो, हे खरं. पण अर्जाचा पुढचा प्रवास पायी असतो. तो जिल्ह्यातून ठाण्यात येतो, ठाण्यात गोपनीयचं काम पाहणाऱ्या अंमलदाराकडं जातो, तो बीट जमादाराला सांगतो, जमादार गावच्या पोलीस पाटलाला फोन लावतो. मग गुन्ह्यांची नोंद चाळली जाते, पोराला एकदा ठाण्यात बोलावलं जातं, आणि सगळं ठीक असलं तर शेरा पडतो: अभिलेख निरंक.

मला हा शब्द फार आवडतो. निरंक म्हणजे ज्याच्या खात्यावर काहीच लिहिलेलं नाही असा. आमच्याकडं ज्याच्याजवळ गमावण्यासारखं काही आहे, ज्यानं कधी कुणाशी भांडण केलं आहे, जो कधी बियाण्याच्या दुकानापुढं घोषणा देत उभा राहिला आहे, त्याच्या खात्यावर काहीतरी लिहिलेलं असतंच. पोलीस पाटलाशी काकाचा बांधावरून वाद असला तरी पुरतं. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं पाटलाला गावाचे डोळे म्हणून नेमलं. पण डोळ्यांना नातीगोती असतात, हे कायद्यानं कुठं लिहायचं?

या सगळ्यात खरा छळ आहे तो पुन्हा पुन्हा करण्याचा. मनुष्यबळाचं टेंडर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं. खुर्ची तीच, संगणक तोच, पोरगा तोच. एजन्सी नवी आली की दाखला नवा. तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला तरी नवा. पहिल्या खात्याच्या फायलीत पडलेला दाखला दुसऱ्या खात्याला दिसत नाही, आणि दिसला तरी चालत नाही. यवतमाळसारख्या ठिकाणी हे एक-दोन चकरांवर भागतं. धारणीच्या पोराला अमरावती गाठायची तर घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं, सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा पोरगा तर जगापासूनच तुटतो. गडचिरोली पोलिसांनी ठाण्याठाण्यांत ‘दादालोरा खिडकी’ उघडून दाखले आणि योजनांची कामं गावाजवळ आणली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण खिडकी कितीही चांगली असली तरी एकाच माणसानं तिच्यापुढं वर्षाआड का उभं राहावं?

शिवाय हे संगणक परिचालक किंवा डेटा एंट्रीचे पोरं कमावतात किती? ग्रामपंचायतीतल्या परिचालकाचं मानधन दहा हजारांच्या आसपास, तेही कधी तीन महिन्यांनी येणारं. त्यातून दाखल्याची फी, एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस त्यानंच भरायचा. सरकारला खात्री हवी आहे तर खर्च सरकारनं सोसावा, इतका साधा हिशेब कुणी मांडत नाही, कारण मधे एजन्सी बसली आहे आणि एजन्सीच्या करारात ही जबाबदारी ‘पुरवठादाराची’ असते. पुरवठादार ती पोराच्या खिशात सरकवतो.

हा घोळ आपल्याकडचाच आहे असंही नाही. अमेरिकेत पोलिसांच्या गुन्हेनोंदींना हात लावणाऱ्या तंत्रज्ञाची एफबीआयच्या नियमांनुसार बोटांच्या ठशांवरून पडताळणी करावी लागते, आणि करदात्यांची माहिती हाताळणाऱ्यासाठी तिथल्या कर खात्याचे नियम वेगळे. राज्याराज्यांनी सगळ्या खात्यांचे संगणक एका छताखाली आणले, तसा एकच माणूस सकाळी पोलिसांचा सर्व्हर आणि दुपारी कर खात्याचा सर्व्हर पाहू लागला. मग त्याची तपासणी किती वेळा आणि कुणी करायची, हा प्रश्न तिथंही उभा राहिला. ब्रिटननं मुलांसोबत आणि असहाय माणसांसोबत काम करणाऱ्यांसाठी २०१३ पासून एक सोय केली: दाखला एकदा काढायचा, वर्षाची वर्गणी भरून तो चालू ठेवायचा, आणि नवा मालक उमेदवाराच्या संमतीनं ऑनलाइन बघतो की काढल्या दिवसापासून काही बदललं का. दाखला माणसाबरोबर चालतो.

आपल्याला हे जमणार नाही असं काही नाही. देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडणारी सीसीटीएनएस ही योजना केंद्रानं २००९ मध्ये मंजूर केली. आज एफआयआर संगणकावरच नोंदवला जातो. म्हणजे पोराविरुद्ध राज्यात कुठं काय दाखल आहे, हे पाटलाला फोन न लावताही कळू शकतं. मग तो फोन उरला कशाला? माझा एक पोलीस मित्र आहे, निवृत्तीला आलेला. तो म्हणाला, "अरे, त्या यंत्रात नाव टाकलं तर एकाच नावाचे बारा जण निघतात. त्यातला तुह्यावाला कोणता, ते पाटीलच सांगते."

त्याचं म्हणणं चूक नाही. वाशीम-यवतमाळच्या तांड्यांवर राठोड, चव्हाण, पवार, आडे. गडचिरोलीत मडावी, आत्राम, उईके. त्यात बापाचं नावही सारखं निघायला वेळ लागत नाही. अशा वेळी एकाची मारामारी दुसऱ्याच्या नावावर चढते आणि ती उतरवायला माझ्यासारख्याची फी लागते. नावापेक्षा ठसा खरा, म्हणून जे तंत्रज्ञ खरोखर नाजूक जागी बसणार त्यांची पडताळणी ठशांवर करावी, असं माझं मत झालं आहे. गुन्हेगारांच्या ठशांची राष्ट्रीय प्रणाली २०२२ पासून चालू आहे, तेव्हा जुळवून पाहण्याची सोय आहेच. मात्र एक अट लोखंडाची हवी: नोकरी मागायला आलेल्याचा ठसा जुळवून झाला की पुसायचा. त्याच वर्षीच्या ओळख-मापनाच्या कायद्यानं अटक झालेल्यांचे ठसे ७५ वर्षं जपायची मुभा दिली आहे. प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या पोराचा अंगठा त्या पेटीत घसरता कामा नये.

आता मुख्य मुद्दा. पडताळणीत विचारायचं काय?

आज विचारतात, गुन्हा ‘दाखल’ आहे का. दाखल होणं म्हणजे कुणीतरी ठाण्यात जाऊन काहीतरी सांगणं आणि ते लिहून घेतलं जाणं. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, साक्षी, निकाल असा लांब रस्ता असतो आणि आंदोलनातले बहुतेक गुन्हे त्या रस्त्यावर कुठंतरी मरतात. १८८ ला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते, ती नसली तर कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्षाची मुदत असते, ती टळून गेलेली असते. कधी सरकारच आंदोलनातले खटले मागे घ्यायचं जाहीर करतं, पण त्यासाठी सरकारी वकिलाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३२१, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३६० कलम घेऊन कोर्टाची परवानगी मागावी लागते, आणि ती फाईल आमच्याकडं कधी पोचते ते विचारू नका. घोषणा मुंबईत होते, नोंद ठाण्यात तशीच राहते.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात यावर सविस्तर सांगून ठेवलं आहे. माहिती दडवणं गंभीरच, पण प्रकरण किरकोळ असेल तर नियोक्त्यानं विवेक वापरून ते सोडून द्यावं, हे सांगताना न्यायालयानं उदाहरण कशाचं दिलं? तरुण वयात दिलेल्या घोषणांचं. त्याच निकालात हेही आहे की उमेदवारानं खरं सांगितलं तरी त्याची पूर्वपीठिका विचारात घ्यायचा नियोक्त्याचा हक्क कायम राहतो. तोही असावा. अडचण अशी, की विवेक वापरायला समोर कुणीतरी अधिकारी असावा लागतो. एजन्सीचा पर्यवेक्षक विवेक वापरत नाही, तो यादीतलं नाव खोडतो. खोडल्याचं कारण लेखी मिळत नाही, म्हणून त्यावर अपीलही करता येत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं आठवं कलम आमदाराला अपात्र ठरवतं ते शिक्षा झाल्यावर, आणि बऱ्याच गुन्ह्यांत ती शिक्षा दोन वर्षांची असावी लागते. ते बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू. आमदारासाठी जी फूटपट्टी कायद्यानं धरली, ती दहा हजारांच्या परिचालकाला निदान आंदोलनाच्या गुन्ह्यांपुरती तरी लावा.

मात्र शिक्षेपर्यंत थांबणंही सगळीकडं परवडणार नाही, हे मी मान्य करतो. फसवणूक, बनावट दस्तऐवज, अपहार, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे गुन्हे यांत दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर अशा माणसाला अनुदानाच्या यादीवर बसवू नये. बाईला मारहाण केल्याचा खटला चालू असलेल्याच्या हाती बायकांचे फोन नंबर आणि पत्ते देऊ नयेत. पण बांधावरची हाणामारी, रास्ता रोको, जमावबंदीचा भंग यांचा सर्व्हरशी काय संबंध? कोणत्या कामाला कोणता गुन्हा आड येतो, याची यादी सरकारनं एकदा छापून टाकावी. म्हणजे पोराला अर्ज करण्याआधी कळेल आणि जमादाराला अंदाज बांधावा लागणार नाही.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर ‘दाखल’ या शब्दाचं वजनच वेगळं आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळच्या बेड्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर, विचारून पाहा. आसपास कुठं चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर येते. तिथला पोरगा शिकला, संगणकाचा कोर्स केला, आणि अठराव्या वर्षी संशयित म्हणून त्याचं नाव दोन प्रकरणांत आलेलं असलं, तर ‘गुन्हा दाखल आहे काय’ या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘हो’ आहे. त्यातल्या एकातही पुरावा मिळाला नाही, हे लिहायला अर्जात रकाना नाही. हा प्रश्न वर्तनाबद्दल विचारतो असं आपण समजतो. बेड्यावर तो जातीबद्दल विचारतो.

इथपर्यंत माणसाबद्दल बोललो. आता लॉगिनकडं वळतो, कारण माझा खरा राग तिकडं आहे.

कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयात जा. साहेबांची डिजिटल सही एका डोंगलमध्ये, पेनड्राइव्हसारख्या किल्लीत, असते. तो डोंगल साहेबांच्या खिशात असावा असा नियम. असतो कुठं? ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, रबरी शिक्क्यांच्या डब्यात. त्याचा पिन मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर. दोष एकट्या साहेबांचा नाही. साहेबांकडं दोन तालुक्यांचा कार्यभार, मंगळवारी व्हीसी (व्हिडिओवरची बैठक), बुधवारी दौरा, आणि दाखल्यांची मुदत लोकसेवा हक्क अधिनियमानं बांधून दिलेली. दाखला वेळेत गेला नाही तर जबाब त्यांनाच द्यायचा. म्हणून डोंगल ड्रॉवरमध्ये. ओटीपी आला तर साहेब फोनवर सांगतात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

म्हणजे ज्या पोराच्या चारित्र्याची तपासणी पाटलापासून एसपी ऑफिसपर्यंत झाली, त्याच्या नावावर काहीच होत नाही. सगळं साहेबांच्या नावावर होतं. आणि उद्या गडबड उघड झाली की कुणी केली ते कळत नाही. ऑपरेटर म्हणतो साहेबांचं लॉगिन, साहेब म्हणतात ऑपरेटरनं केलं. अशा दोन-तीन प्रकरणांत मी उभा राहिलो आहे. निरंक दाखला दोघांच्याही फायलीत होता.

आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीचं प्रकरण २०२५ च्या शेवटी गाजलं. हजार-दीड हजार वस्तीच्या त्या ग्रामपंचायतीच्या नावानं नागरी नोंदणी प्रणालीत तीन महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी चढल्या. तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं. साधा गुणाकार-भागाकार करून पाहा: सुट्ट्या धरूनही दिवसाला सरासरी तीनशे. ज्या गावात महिन्याला दोन-चार बाळं जन्मायची, तिथं एका दिवसात तीनशे नोंदी होत असताना त्या प्रणालीतली एकही घंटा वाजली नाही? पन्नासाव्या नोंदीला खातं आपोआप बंद पडेल, असा नियम लिहायला जो वेळ लागतो त्याहून जास्त वेळ एका पोराचा दाखला ठाण्यात पडून असतो. त्याच वर्षी नागपूर विभागात शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या ऑनलाइन क्रमांकाचं, प्रकरण उघडं पडलं. बोगस शिक्षकांच्या नावे आयडी काढून पगार उचलल्याचा आरोप, आणि अटक झालेल्यांत शिक्षण खात्याचे अधिकारी नि लिपिक. खटले व्हायचे आहेत, म्हणून दोषी कोण यावर मी बोलणार नाही. पण कायम नोकरीतल्या या मंडळींनी नेमणुकीच्या वेळी साक्षांकन नमुना (चारित्र्य पडताळणीचा अर्ज) भरलेलाच असणार आणि त्यावर पोलिसांचा शेराही आलेला असणार.

पडताळणी माणसाचा काल सांगते. लॉगिनची नोंद त्याचा आज सांगते, ती रोज कुणीतरी वाचली तर. ती वाचायला मात्र आपल्याकडं पद नाही, टेंडर नाही, शेरा नाही.

गडचिरोलीतल्या एका ओळखीच्या शिक्षकांनी मला टोकलं. म्हणाले, "तुमचं यवतमाळात ठीक आहे हो. आमच्याकडं कोणाचं नाव कोणाच्या हाती पडलं तर जीव जातो." बरोबर आहे. खबऱ्या, आत्मसमर्पित नक्षलवादी, पोलीस भरतीत गेलेल्या पोरांची घरं यांची माहिती ज्या संगणकात आहे, तिथं बसणाऱ्याची तपासणी खोलवर, प्रत्यक्ष गावात जाऊन आणि दर काही वर्षांनी व्हायलाच हवी. म्हणूनच तर सगळ्यांना एकच चाळणी लावू नये म्हणतो. सातबाऱ्याची प्रत छापून देणारा, अर्जाची नोंद करणारा, मंजुरीचं बटण दाबू शकणारा आणि अख्ख्या डेटाबेसची किल्ली असणारा, हे चार वेगळे लोक आहेत. पहिल्या दोघांसाठी यंत्रातली नोंद आठवडाभरात पाहून द्या. चौथ्यासाठी महिना लागू द्या, ठसे घ्या, गावात जा. आज चौघांनाही तोच अर्ज आहे. चौथा बहुतेकदा पुण्या-मुंबईच्या कंपनीत बसलेला असतो, आणि त्याचा दाखला कुणी पाहिला की नाही ते आमच्या तालुक्याला कधी कळत नाही.

त्या पोरानं पुढं बसस्टँडजवळ ऑनलाइन सेंटर टाकलं. चांगलं चालतं. चारित्र्य पडताळणीचे अर्जही तोच भरून देतो, आणि तो रकाना आला की गिऱ्हाईकाला माझ्याकडं पाठवतो. मागच्या आठवड्यात मी त्याच्याकडं एका शपथपत्राची प्रिंट काढायला थांबलो होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ज्या कार्यालयानं त्याला घेतलं नव्हतं तिथूनच होता. नवा पोरगा रजेवर, सर्व्हर अडकलेला, बाहेर लोक खोळंबलेले, जरा येऊन पाहून जातोस का?

"येतो जी," तो म्हणाला. "पण लॉगिन लागन."

पलीकडून साहेबांनी पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर फोड करून. पोरानं तो माझ्या शपथपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला.